जेवता येण्यापुरतं

"मुजावर, जठर काढायचंय," सर म्हणाले. "पूर्ण."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. बिराजदार सर माझ्या ओपीडीत येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यात ते बाहेरच्या बाकावर, इतर पेशंटांसारखे नंबर घेऊन बसले होते, हे मला सिस्टरनं नंतर सांगितलं. मला वाटलं, ओळखीचं कुणी आजारी आहे, त्याला घेऊन आलेत. म्हणून मी दाराकडे बघत विचारलं, "कुणाचं, सर?"

"माझं."

ते बसले. एन्डोस्कोपीचा फोटो टेबलावर ठेवला, आणि वॉर्डात आम्हाला शिकवताना ठेवायचे तसं बोट त्यावर ठेवलं. "इथं. वरच्या भागात. बायोप्सी झाली आहे, खराब आहे. सीटीत जठराबाहेर कुठं पसरलेलं दिसत नाही. आता सांग, काय करशील?"

एम.एस.च्या तोंडी परीक्षेत विचारावं तसं विचारलं. मीही, काय बोलतेय आणि कुणाबद्दल बोलतेय हे नीट उमजायच्या आत, परीक्षेत द्यावं तसं उत्तर देऊन मोकळी झाले. आधी केमो. मग दुर्बिणीतून पूर्ण जठर काढायचं, आजूबाजूच्या गाठी काढायच्या.

"आणि मग?"

"मग जोड."

"कसला जोड?" सर पुढं झुकले. "तिथं मला बोलायचंय तुझ्याशी."

डॉ. गुरुलिंग बिराजदार म्हणजे सोलापुरातल्या निम्म्या सर्जनांचे गुरू. भरघोस मिश्या, खर्जातला आवाज, आणि विद्यार्थ्यांना आडनावानं हाक मारायची पद्धत. हात आत गेल्याशिवाय पोट कळत नाही, असं त्यांचं मत होतं. मी दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकायला पुण्याला जाते म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पुढं ते निवळले. पण दुर्बिणीबद्दलचं मत त्यांनी बदलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि आता तेच माझ्यासमोर बसून, पोट उघडू नकोस, दुर्बिणीतूनच कर, असं सांगत होते.

"उघडून केलं की माणूस किती दिवस झोपून राहतो ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तेवढी सवड नाही मला. लवकर घरी जायचंय."

जठर काढलं की अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडं पडतं. तिथं काहीतरी जोडलं पाहिजे, नाहीतर घास जाणार कुठं? बहुतेक सर्जन लहान आतडं सुरुवातीपासून थोडं पुढं कापतात. त्याचं खालचं टोक वर ओढून अन्ननलिकेला जोडतात, आणि पित्त घेऊन येणारं दुसरं टोक बरंच खाली नेऊन त्याच आतड्याला बाजूनं जोडतात. म्हणजे पित्त उलटं घशाशी येत नाही. साधा जोड आहे, वर्षानुवर्षं टिकतो. मी तोच सांगितला.

"नको," सर म्हणाले. "पिशवी कर."

वर ओढलेलं आतडं दुमडायचं, दोन पदर शेजारी ठेवून मधली भिंत काढून टाकायची, की आतड्याचीच छोटी पिशवी होते. गेलेल्या जठराच्या जागी थोडासा साठा. काही जण करतात, काही जण त्यात अर्थ नाही म्हणतात.

"सर, या वयात कशाला? पिशवी म्हणजे टाक्यांच्या आणखी रांगा. जिथं टाका तिथं गळतीची भीती, हे तुम्हीच शिकवलंत."

"मी काय शिकवलं ते मला ठाऊक आहे. पिशवीनं जेवण किती वाढतं?"

"फार नाही. साध्या जोडापेक्षा थोडे घास जास्त. तेही सगळ्यांना नाही."

"ते थोडे घास मला पाहिजेत."

मला हसू आलं असतं, प्रसंग वेगळा असता तर. कारण जेवणाची इतकी फिकीर नसलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. ऑपरेशनांच्या दिवशी चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढायचे. कुणी डबा पुढं केला तर उभ्याउभ्याच घास घ्यायचे आणि काय खाल्लं ते त्यांना सांगता यायचं नाही.

"काकू कशा आहेत?" मी विचारलं.

"घरी असते," सर म्हणाले आणि फोटो पाकिटात घालायला लागले. "मग, पिशवी ना?"

मी हो म्हटलं.

केमोनं त्यांना सोलून काढलं. केस गेले, मिश्या गेल्या. मी सरांचा वरचा ओठ तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. गालफडं बसली, आवाज चिरका झाला. ऑपरेशनच्या आधी भरती झाले तेव्हा वॉर्डातल्या जुन्या मावशी, ज्यांनी त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलं होतं, त्या सरांच्या समोरून पुढं गेल्या आणि मला विचारायला लागल्या, सर कुठल्या खोलीत आहेत म्हणून.

सोबतीला महानंदा होती, सरांच्या दिवंगत भावाची मुलगी. सरांना मूलबाळ नव्हतं. हिलाच त्यांनी वाढवलं. शाळेत शिकवायची, कामापुरतं बोलायची. काकू मात्र आल्या नाहीत. ऑपरेशनच्या दिवशीही नाहीत. मला ते खटकलं. एम.एस.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले होते. काकूंनी मला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली होती आणि मी नको नको म्हणत असताना वर तूप ओतलं होतं. ती बाई नवऱ्याच्या अशा वेळी घरी बसेल? पण घराघरात काय काय असतं. मी विचारलं नाही.

भूल द्यायच्या आधी सरांनी माझं मनगट धरलं. "जोडावर ताण ठेवू नकोस."

"नाही ठेवत, सर."

ऑपरेशन चांगलं झालं. हे मी आज इतक्या वर्षांनी, शेकडो जठरं काढून झाल्यावर म्हणतेय. पोटात वायू भरून, छोट्या छिद्रांतून हत्यारं घालून, पडद्यावर बघत आम्ही जठर सगळ्या बाजूंनी सोडवलं. यकृतावर डाग नव्हते, पोटाच्या अस्तरावर दाणे नव्हते. बेंबीजवळ छोटा छेद घेऊन जठर बाहेर काढलं, त्याच छेदातून आतडं बाहेर घेऊन पिशवी बनवली. गुलाबी, लुसलुशीत, रक्त खेळणारी पिशवी झाली. ती परत आत ठेवून वर नेली. छातीच्या पडद्याखाली, जिथं हात सुखानं पोचत नाही, तिथं दुर्बिणीनं जवळून बघत अन्ननलिकेला स्टेपलरनं जोडली आणि स्टेपलरचं उरलेलं भोक हातानं शिवून घेतलं. नाकातल्या नळीतून निळं औषध सोडून पाहिलं. एक थेंब बाहेर आला नाही. पुढं खालच्या आतड्यात एक बारीक नळी बसवली, वेळ पडली तर तिथून अन्न द्यायला.

पहिले काही दिवस सर उत्तम होते. चालत होते. महानंदाला सारखे एकच विचारायचे, "आज किती झालं?" आणि ती म्हणायची, "थोडं झालं." मला वाटायचं, शाळेबद्दल बोलतात.

मग ताप आला. पोटातून बाहेर आणलेल्या नळीत गढूळ पाणी दिसायला लागलं. मी सीटी करून घेतला आणि फिल्म घेऊन स्वतः त्यांच्याकडे गेले, कारण दुसऱ्या कुणाकडून त्यांनी ते ऐकावं हे बरं दिसलं नसतं.

"वरचा जोड," मी म्हटलं. "मागच्या बाजूनं. लहान आहे. पिशवी ठीक आहे."

त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिली. अशी गळती चांगल्यातल्या चांगल्या हातांनाही चुकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी मला दोष दिला नाही. फक्त विचारलं, "तोंडानं कधी?"

"ते भरून येईपर्यंत नाही, सर. पाण्याचा घोटही नाही. खालच्या नळीतून देऊ. काही आठवडे लागतील."

"आठवडे नाहीत माझ्याकडं."

"असं का म्हणता? तुम्ही ठीक होणार आहात. संसर्ग आटोक्यात आहे."

"माझं नाही म्हणत मी," सर म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्यानंतर ते रोज सकाळी भांडायचे. आज घोट देतेस का? उद्या? मधून नळी टाकून बघ. स्टेंट टाक. गळती आतून झाकायला मी स्टेंटही टाकून पाहिला. तो खाली सरकला, काढावा लागला. आयुष्यभर आम्हाला धीर धरायला शिकवणारा माणूस लहान मुलासारखा हट्ट करत होता. तेव्हा मला त्यांचा थोडा रागही आला.

एक दिवस सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, सर खातात."

"काय?"

"दुपारी त्या ताई डबा घेऊन येतात, दार लावून घेतात. काल झाडताना कॉटखाली भाकरीचा तुकडा सापडला."

माझं डोकंच फिरलं. गळता जोड, त्यावर भाकरी! मी राऊंड अर्धा टाकून तरातरा त्यांच्या खोलीकडे गेले, दार ढकललं, आणि उंबऱ्यातच थांबले.

सर उठून बसले होते. हॉस्पिटलच्या कपड्यांवर त्यांनी आपला पांढरा सदरा चढवला होता, नळ्या शालीखाली झाकल्या होत्या. समोरच्या टेबलावर स्टीलचं ताट होतं, त्यात ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी. पाण्याच्या जगला टेकून फोन उभा केला होता. सरांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला.

"बघ गौरा. मी घेतला. आता तू घे."

फोनच्या पडद्यावर काकू होत्या. मला ओळखू यायला वेळ लागला. हाडांवर कातडं ताणलेलं, केस विस्कटलेले, आणि डोळे पडद्यावर खिळलेले. कुणा बाईचा हात त्यांच्या ओठांशी घास धरून होता. ओठ घट्ट मिटलेले होते.

सर चावत होते. सावकाश चावत होते. मग त्यांनी हनुवटी उचलली आणि गळा हलवला, गिळल्यासारखा. काकूंचे ओठ जरा उघडले. घास आत गेला.

"शाब्बास," सर म्हणाले. "आता परत मी."

पडद्यावर काकूंची मान दुसरीकडे वळली, आणि त्याच क्षणी महानंदानं खालून भांडं पुढं केलं. सरांनी तोंडातला घास त्यात थुंकला. ओठ पुसले. काकूंनी परत वळून पाहिलं तेव्हा ते पुढचा घास मोडत होते.

सरांनी मला पाहिलं होतं. डोळ्यांनीच थांब म्हणाले. मी दाराला पाठ लावून थांबले. पुढच्या घासाला काकूंनी तोंड उघडलं नाही. सरांनी परत घेतला, परत गळा हलवला. काकू त्यांच्या गळ्याकडं एकटक बघत राहिल्या. मग त्यांनी हातानं ताट दूर सारलं, पडदा हलला, छत दिसलं आणि फोन बंद झाला.

महानंदा भांडं घेऊन बाथरूममध्ये गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

"गिळलं नाही मी काही," सर म्हणाले. "चूळ भरतो. तुझ्या जोडाला धक्का लावलेला नाही."

"सर, हे कधीपासून?"

"नावं विसरायला लागली त्याला झाली काही वर्षं. मग माणसं विसरली. मग भूक म्हणजे काय तेच विसरली. ताट पुढं ठेवलं की नुसती बघत बसते. पण मी घास घेतला की ती घेते. माझ्या ताटातला. मी थांबलो की थांबते." ते शालीच्या गोंड्याशी चाळा करत होते. "दुसऱ्या कुणाचं चालत नाही. महानंदा समोर बसून जेवली, शेजारीण जेवली. बघत बसते."

"इथं आणू या त्यांना. माझ्या खोलीत ठेवू."

"आणलं होतं महानंदानं. फाटकाशीच घाबरली, रिक्षातून उतरेना. इतकी ओरडली की परत न्यावं लागलं. त्यानंतर दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही."

"मग नाकातून नळी घालू काही दिवस. घरीच."

"मागं एकदा घातली होती, तिला निमोनिया झाला तेव्हा. उपटून काढली. परत घातली, परत उपटली. हात बांधा म्हणाले." सरांनी माझ्याकडं पाहिलं. "किती पेशंटांचे हात मी बांधायला लावलेत, मुजावर. तिचे नाही बांधणार."

बाहेर कुणाच्या तरी ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

"आजार कळला तेव्हा मी आधी सोडूनच देणार होतो," ते म्हणाले. "सत्तरी झाली, भरपूर झालं. पण घास अडकायला लागले. मी दोन घासांवर थांबलो की ती दोन घासांवर थांबायची. तिचं वजन माझ्याबरोबर उतरायला लागलं. म्हणून आलो तुझ्याकडं. जगायला नाही आलो. मला फक्त जेवता यायला पाहिजे होतं, तिच्यासमोर बसून, तिचं होईपर्यंत."

मी टेबलावरचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"आणि आता तिला कळायला लागलंय," सर म्हणाले. "बाकी सगळं विसरली, पण मी गिळत नाही एवढं तिला कळतं. बघितलंस ना, गळ्याकडं कशी बघत होती?"

मी दुसऱ्या दिवशी परत सीटी केला, कुठल्या आशेनं कोण जाणे. जोड अजून गळत होता. मी त्यांना एक घोटही देऊ शकले नाही.

दुपारचं ते जेवण चालूच राहिलं. मी सिस्टरला सांगून ठेवलं की त्या वेळी खोलीत कुणी जायचं नाही. पण घास कमी कमी होत गेले. मग एक दिवस काकूंनी फोनकडं पाहणंच सोडलं. महानंदा घरीच राहायला लागली, रजा टाकून. चमच्यानं पातळ पेज ओठांवर लावायची, जेवढी आत जाईल तेवढी. हाताला सलाईन लावायला एक ओळखीचे डॉक्टर जायचे. शीर सापडायची नाही. मीही एकदा जाऊन आले. सरांना मी 'बरं आहे' एवढंच सांगितलं. त्यांनी पुढं विचारलं नाही.

आणि मग जोड भरला. एक्स-रेखाली सरांनी औषधाचा घोट घेतला. पांढरी रेघ अन्ननलिकेतून खाली उतरली, पिशवीत जमली, हळूच पुढं सरकली. बाजूला कुठं काही नाही. रेडिओलॉजिस्टनं मला कोपरानं ढोसलं. असा सुंदर निकाल त्यानं क्वचितच पाहिला होता.

सर त्या दिवसापासून खायला शिकले. खरंच शिकले म्हणायला हवं. आधी पाणी, मग ताक, मग मऊ भात. प्रत्येक घास डोळे मिटून चावायचे, थांबायचे, पिशवी सामावून घेते का बघायचे, पुढचा घ्यायचे. घाम फुटायचा, छाती धडधडायची. जठर नसलं की अन्न आतड्यात एकदम उतरतं, त्यानं होतं तसं. पाच मिनिटं आडवे पडायचे आणि परत उठून बसायचे. माझ्या कुठल्याही पेशंटनं इतक्या लवकर इतकं खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं.

घरी सोडलं त्या दिवशी मीच गाडी चालवली. सर पुढं बसले होते. त्यांनी दाढी करून घेतली होती, सदरा धुतलेला होता, पण तो खांद्यांवरून खाली लोंबत होता. वाटेत फक्त एकदा बोलले. "महानंदाला फोन कर. म्हणावं, ताट करून ठेव."

काकू मधल्या खोलीत खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उशांच्या आधारानं बसवलं होतं. महानंदानं खाटेसमोर पाट ठेवला, पाटासमोर स्टूल, स्टुलावर ताट. मऊ भात, दूध, कुस्करलेली भाकरी. सर पाटावर बसले. मी ठरवून दारातच थांबले.

"गौरा," सर म्हणाले. "आलो बघ."

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा हात हळूहळू वर गेला, आणि त्यांनी खांद्यावरून घसरलेला पदर डोक्यावर ओढून घेतला. परक्या पुरुषासमोर घेतात तसा.

"बसा," त्या म्हणाल्या. आवाज कागदासारखा होता. "हे दवाखान्यात गेलेत. येतीलच."

महानंदानं तोंडावर हात ठेवला.

"गौरा, अगं मीच. मीच की." सर पुढं सरकले. काकू दचकल्या, उशीत मागं दबल्या, खाटेची कड धरली. सर लगेच मागं झाले. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

"बरं," ते म्हणाले. "बसतो. येऊ द्या त्यांना."

काकू शांत झाल्या. पाहुणा आलाय आणि समोर ताट आहे, एवढं त्यांना समजलं असावं. म्हणाल्या, "जेवून घ्या."

"तुम्हीपण घ्या."

"हे आल्यावर जेवते."

"त्यांना उशीर होईल आज."

"होतो," काकू म्हणाल्या. "ऑपरेशन असतं."

सरांनी घास घेतला. चावला. गिळला. खरा गिळला, मी त्यांचा गळा पाहिला. दुसरा घास काकूंच्या दिशेनं थोडा पुढं केला. त्यांनी नम्रपणे नको म्हणून मान हलवली. तो सरांनी स्वतः घेतला. तिसरा. प्रत्येक घासानंतर काकूंच्या ओठांकडं बघत होते. काकू त्यांच्याकडं बघत होत्या, यजमानीण बघते तशा, पाहुण्याला काही कमी पडत नाही ना म्हणून.

"लाजू नका," त्या म्हणाल्या. "घ्या अजून."

सर घेत राहिले. भात संपला. भाकरी संपत आली. त्यांच्या कपाळावर घाम जमला, सदरा पाठीला चिकटला. मी पुढं होऊन म्हटलं, "सर, बास करा." त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ताट पुसून घेतलेला शेवटचा घास तोंडात घातला आणि थांबले.

काकूंचे ओठ मिटलेलेच होते. त्यांनी मान उशीला टेकवली आणि दाराकडं, माझ्या पलीकडं, बाहेरच्या फाटकाकडं बघायला लागल्या.

त्यानंतर सर रोज दोन्ही वेळा पाहुणे होऊन त्या पाटावर बसायचे, असं महानंदा सांगायची. एकदा काकूंनी त्यांच्या हातून एक घास घेतला. का घेतला, कळलं नाही. पुढच्या घासाला परत पदर. नागपंचमीच्या आसपास त्या गेल्या. मी गेले तेव्हा सर सगळ्यांना व्यवस्थित उत्तरं देत होते, कुणाला बसायला सांगत होते, कुणाला पाणी.

पुढं तपासणीला ते नेमानं येत राहिले. हिवाळ्यात मी दुर्बिणीनं आतून पाहिलं. जोड मऊ, मोकळा. पिशवी गुलाबी. सीटी स्वच्छ. फक्त वजन उतरत होतं.

"सर, आजार कुठंही नाही," मी म्हटलं.

ते सदऱ्याची बटणं लावत होते. "बरं," म्हणाले.

"भूक लागते का?"

"जठर गेलं की भूक जाते, मुजावर. भूक लावणारं द्रव्य तिथंच तयार होतं. हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं. आमच्या वेळी ते माहीतच नव्हतं."

"मग जेवता ना वेळेवर?"

"महानंदा शाळेत जाताना ताट झाकून ठेवते."

"आणि?"

"आणि मी समोर बसतो," सर म्हणाले. शेवटचं बटण लावून ते उठले, दारापर्यंत गेले, वळून मला नमस्कार केला. आम्ही विद्यार्थी असताना ते कधी कुणाला नमस्कार करायचे नाहीत.

मी महानंदाला फोन केला, औषधं बदलली, दोनदा भरती करून नळीनं अन्न दिलं. सर नको म्हणाले नाहीत. कशालाच नको म्हणाले नाहीत. उन्हाळा संपायच्या आत ते गेले. आजार कुठंही परत आलेला नव्हता.